भंडाऱ्याची रेती आणि समुद्रातला दांडा

समुद्र दगडी धक्के फोडतो, होड्या उलथवतो. मग नुसत्या रेतीचे बेट त्याच्या तोंडापुढे टिकते कसे? भंडारा, तुमसर, साकोलीकडचे कोणी कोकणातल्या तारकर्ली-देवबागला जाऊन आले की हा प्रश्न हमखास विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जास्त व्यवहारी प्रश्न येतो. पुढच्या दिवाळीत पोराबाळांना घेऊन अशा ठिकाणी राहायला जावे का, आणि गेलो तर काय बघावे, कशाला जपावे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे रेतीत आहेत. रेतीबद्दल भंडाऱ्याच्या माणसाला काही सांगायची गरज नाही, असे आपल्याला वाटते. घाट, ब्रास, टिप्पर, रॉयल्टी हे शब्द इथे पानठेल्यावर रोज कानावर पडतात. पण नदीतून निघालेली रेती पुढे जाऊन काय करते, हे आपण पाहिलेले नसते. समुद्र इथून कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच आहे.

१. खडकाचे बेट, रेतीचे बेट

आधी बेटांच्या दोन जाती वेगळ्या करू. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले ते कुरटे बेटावर. हे बेट खडकाचे. त्याची जागा साडेतीनशे वर्षांत हललेली नाही, म्हणूनच तिथे तट बांधता आला.

तिथून दक्षिणेला काही किलोमीटरवर तारकर्ली आणि पुढे देवबाग. इथे खडक नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दोघांच्या मध्ये नारळ, सुरू, घरे, हॉटेले आणि एक अरुंद रस्ता अंगावर घेऊन बसलेली रेतीची लांबट पट्टी. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की समुद्रावरून निघून चालत काही मिनिटांत नदीवर पोहोचता येते. सह्याद्रीतून आलेली कर्ली समुद्राच्या अगदी जवळ येते, पण सरळ त्यात पडत नाही. ही पट्टी आडवी येते, म्हणून नदी तिच्या कडेकडेने दक्षिणेला जाते आणि देवबागच्या टोकाला, भोगव्याच्या समोर, समुद्राला मिळते.

भूगोलाच्या पुस्तकात अशा पट्टीला वाळूचा दांडा म्हणतात. दांड्याचे एक टोक जमिनीला चिकटलेले असते. दोन्ही टोके सुटली, मध्ये पाणी आले, की ते रोधक बेट होते. पट्टीच्या आतल्या बाजूला अडकलेल्या खाऱ्या किंवा मचूळ पाण्याला खाजण म्हणतात. दांडा आणि रोधक बेट यांत फार मोठी भिंत नाही. एखादे वादळ दांड्याचा गळा कापते आणि त्याचे बेट करते, पुढच्या काही वर्षांत रेती साचून ते पुन्हा जोडलेही जाते. अमेरिकेतले मायामी बीच हे असेच रोधक बेट. ओडिशातले चिलिका सरोवर समुद्रापासून वेगळे झाले ते अशाच साठेक किलोमीटर लांबीच्या रेतीच्या पट्टीमुळे.

२. वैनगंगेची उफणणी

आता रेती येते कुठून? समुद्राने किनारा कुरतडून काढलेली थोडी, शंख-शिंपल्यांचा चुरा थोडा, पण बहुतेक ठिकाणी मोठा पुरवठादार नदीच असते.

आपली वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटला वळसा घालून भंडाऱ्यात उतरते. वाटेत ती आणि तिच्या उपनद्या ग्रॅनाइटसारखे जुने कठीण दगड झिजवतात. दगडातली बाकीची खनिजे कुजून माती होतात, पण गारगोटी कुजत नाही. तिचे कण शेवटपर्यंत उरतात. आपल्या घाटावरच्या रेतीत चमकतात ते हेच.

खळ्यावर धान उफणताना काय होते, हे इथल्या कोणाला सांगायला नको. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट जरा लांब, आणि कोंडा वाऱ्याबरोबर पार कुंपणापर्यंत जातो. नदी हेच पाण्याने करते. उतार संपला, वेग मंदावला की आधी गोटे बसतात, मग जाड रेती, मग बारीक रेती. माती मात्र पाण्यात तरंगत थेट समुद्र गाठते. भंडाऱ्याच्या घाटावर जाड रेती मिळते आणि गोदावरीच्या मुखाशी बारीक रेती व चिखल मिळतो, याचे कारण एवढेच.

पण बसलेला कण कायमचा बसत नाही. पुढचा पूर त्याला उचलतो, थोडे पुढे नेऊन टाकतो. भंडाऱ्याहून निघालेला कण पवनीच्या किल्ल्याखालून जातो, गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धा नदी येऊन मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. गोदावरी जो गाळ समुद्राकडे नेते, त्यातला मोठा वाटा प्राणहितेचा, म्हणजे आपल्या विदर्भाचा. पुढे पापी टेकड्यांची घळ, राजमहेंद्री, धवळेश्वरम आणि मग गौतमी या फाट्याने समुद्र. जाड कणाला या प्रवासात कित्येक पिढ्या जातात; पुरातली माती मात्र काही दिवसांतच तिथे पोहोचते.

३. लाट कण कशी सरकवते

समुद्रात पडलेली रेती तिथेच ढीग होऊन का राहत नाही? कारण लाटा किनाऱ्यावर क्वचितच अगदी सरळ येतात; बहुधा थोड्या तिरप्या येतात. तिरपी लाट कणाला तिरपे वर फेकते. परतताना पाणी उताराने सरळ खाली येते आणि कणाला सरळ खाली आणते. म्हणजे कण जिथून उचलला तिथे परत येत नाही, किंचित बाजूला येतो. पुढच्या लाटेला आणखी किंचित.

हिशेब करून पाहा. दर आठ सेकंदांनी एक लाट धरली तर दिवसाला १०,८०० लाटा होतात. एकेका लाटेने कण फक्त अर्धा सेंटिमीटर बाजूला सरकला असे मानले, तरी दिवसाला ५४ मीटर झाले. हा आकडा मानलेला आहे, कुठल्या किनाऱ्यावर मोजलेला नाही. पण एवढ्याशा सरकण्याची बेरीज किती होते, ते त्यातून कळते.

किनाऱ्यावर गेलात तर याचा प्रयोग फुकटात करता येतो. पाणी घोट्याएवढे असेल तिथे पाय रोवून उभे राहा. परतणारे पाणी टाचेखालची रेती ओढून नेते आणि टाच खाली जाते; पुढची लाट पायावर नवी रेती आणून टाकते. मग नारळाचे एक सोडण फुटणाऱ्या लाटांत टाका आणि दहा-पंधरा मिनिटे बघत बसा. ते ज्या बाजूला सरकते, त्या दिवशी रेतीही त्याच बाजूला चालली आहे असे समजा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि वॉटर स्पोर्ट्सच्या पावत्या फाडण्यापेक्षा स्वस्त पडतो.

ही बाजूला सरकणारी रेती किनारा वळला तिथे वळत नाही. ती सरळ पुढे उथळ पाण्यात पडत राहते, थर चढतात आणि एक दिवस पाण्याबाहेर दांडा दिसू लागतो. आपल्या कणाच्या बाबतीत नेमके हेच घडले. गोदावरीच्या गौतमी मुखापासून आंध्रच्या किनाऱ्यावर रेतीची एकूण वाटचाल उत्तरेकडे आहे. त्या रेतीने काकिनाड्यासमोर सुमारे १६ किलोमीटर लांबीचा दांडा उभा केला. त्याला होप आयलंड म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, म्हणजे गेल्या दोनशे वर्षांत ते वाढले आहे. १६ किलोमीटरला दोनशे वर्षांनी भागा: सरासरी वर्षाला ८० मीटर!

या बेटाच्या आत काकिनाड्याचा शांत उपसागर तयार झाला. बाहेरून येणारी लाट बेटावर फुटते, म्हणून आतल्या बंदरातल्या जहाजांना आडोसा मिळतो. जवळचेच कोरिंगा बंदर नोव्हेंबर १८३९ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले, ते पूर्वपदाला आलेच नाही. या किनाऱ्यावर आडोशाची किंमत किती, ते त्यावरून कळते. बेटाच्या आत कोरिंगा अभयारण्याची खारफुटी आहे. होप आयलंडवर रिसॉर्ट नाहीत. मच्छीमारांची लहानशी वस्ती आहे, आणि हिवाळ्याच्या शेवटी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. काकिनाड्याहून बोटीने जाता येते, पण आधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करून घ्यावी. या बेटाच्या रेतीत भंडाऱ्याचाही अंश आहे, हे माझ्या मते आपल्या शाळेच्या भूगोलात असायला हवे होते.

४. पट्टीच्या दोन बाजू

राहण्या-खेळण्यासाठी मात्र देवबाग. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की अशा पट्टीला दोन वेगळ्या बाजू असतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे असतात.

समुद्राकडची बाजू लाटांची. पुळण, सूर्यास्त, किनाऱ्याने लांब चालणे, पहाटे मच्छीमारांना रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना बघणे हे सगळे इथे. नदीकडची बाजू शांत. इथे छोटी नाव, कयाक, हाउसबोट, खारफुटीतले पक्षी. ज्याला पोहता येत नाही, ज्याच्याबरोबर लहान मुले किंवा म्हातारे आईवडील आहेत, त्याने दिवसातला बराच वेळ नदीकडे काढावा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. पाण्याखालचे प्रवाळ आणि मासे पाहायचे तर ते मालवणजवळच्या खडकाळ भागात, रेतीच्या तळावर नव्हे. रेतीचा तळ सतत हलतो, त्यावर प्रवाळाला धरून बसायला जागाच नसते.

दोन बाजूंच्या मध्ये, पुळणीच्या वरच्या अंगाला, जमिनीलगत पसरलेला एक वेल दिसेल. जाड, मधोमध दुभागलेली पाने आणि जांभळी फुले. ही मर्यादवेल. ती दिसायला साधी आहे, पण पट्टीचे रक्षण तीच करते. वाऱ्याने उडालेली रेती तिच्या पानांशी अडते, ढिगाखाली गेलेला वेल नवीन मुळे फोडून पुन्हा वर येतो, पुन्हा रेती अडते. अशीच टेकाडे उंच होत जातात आणि उधाणाचे पाणी गावात शिरताना त्यांच्यावर अडते. समुद्र नीट दिसावा म्हणून हॉटेलवाले कधीकधी हे टेकाड सपाट करतात आणि वेल उपटून टाकतात. त्यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. वाळूच्या टेकडीला कायद्याचे संरक्षण आहे. ते ज्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतून येते, त्यांची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली.

कर्लीच्या मुखाशी, ओहोटीला, पाण्यातून रेतीचा एक उंचवटा वर येतो. त्याला सगळे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीत तो वर आला, असे तिथे सांगतात. जेट-स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग या सगळ्यांची गर्दी इथेच. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवेही याच रेतीवर उतरतात. बोटींचा गोंगाट सुरू होण्याआधी सकाळी गेलात तर ते जवळून दिसतात.

५. रेतीतली गोड विहीर

दोन्ही बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड विहीर, हे कसे? देवबागला पहिल्यांदा गेलेला माणूस यानेच चकित होतो.

पावसाचे पाणी रेतीत मुरते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते खाली गेलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. फरक लहान आहे: गोडे पाणी १,००० किलो भरते तिथे तेवढेच समुद्राचे पाणी साधारण १,०२५ किलो. १,००० ला या २५ ने भागले की ४० येतात. म्हणजे भूजलाची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोड पाणी साठलेले असते.

ऐकायला हे भरपूर वाटते. पण उलटाही हिशेब तसाच आहे. मोटर लावून उपसून पातळी एक फूट खाली आणली, की खालून खारे पाणी ४० फूट वर सरकण्याची तयारी करते. म्हणून एप्रिल-मेमध्ये अशा पट्टीवरच्या विहिरी मचूळ लागू लागतात. शॉवरखाली अर्धा तास उभे राहण्याआधी हा चाळीसचा आकडा आठवावा. गोसीखुर्द धरणाच्या काठच्या माणसाला पाण्याची ही तंगी चटकन जाणवत नाही.

६. तिथी आणि भरती

आपल्याकडे नदीला पूर येतो तो पावसाने किंवा धरणाची दारे उघडल्यावर. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, ते चंद्र-सूर्याच्या ओढीने. अमावस्या आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोन्ही कमी. ती भांगाची भरती.

भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. पंधरवड्याची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. तितक्या वाजता मुंबईला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे साधारण तीन वाजता, पहाटेही आणि दुपारीही. मालवणकडे हीच भरती सुमारे तासभर आधी येते, म्हणजे दोनला. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ: सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास. भरतीची वेळ रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, तासभर इकडे-तिकडे होते; अंतिम शब्द नावाड्याचा. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे काकिनाडा किंवा पुरीला, तो अजिबात लावू नये.

सहल आखताना याचा उपयोग असा. अमावस्या-पौर्णिमेला मालवणकडे भरती अकराच्या सुमारास आणि ओहोटीचा तळ संध्याकाळी पाचच्या सुमारास येतो. त्या दिवशी रेतीचा उंचवटा सगळ्यात जास्त उघडा पडतो तो संध्याकाळी. सप्तमी-अष्टमीला ओहोटी सकाळी अकराच्या आसपास, पण पाणी कमी उतरते. पंचांग घरात असतेच, तिकीट काढताना एकदा उघडावे.

७. नदीत पोहणाऱ्यांसाठी वेगळे दोन शब्द

भंडाऱ्याकडचे पोहणारे चांगले असतात. नदी, तलाव, बोडी यांत हात मारून तयार झालेले. नेमके हेच लोक समुद्रात धोका पत्करतात, कारण नदीचे अनुभव ते तिथे लावतात.

नदीत आपण खळखळणारी धार टाळतो आणि संथ जागा शोधतो. समुद्रात लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा संथ, किंचित गढूळ दिसला, तर तो सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि तो पट्टा म्हणजे ती परतीची वाट. त्यात सापडलेला माणूस काही क्षणांत आत ओढला जातो. तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. तसे करू नये. ओढ अरुंद असते. किनाऱ्याला समांतर थोडे पोहून तिच्या बाहेर यावे, मग लाटांबरोबर किनारा गाठावा. ताकद नसेल तर उताणे तरंगत राहून हात वर करावा.

दुसरे, संगमाची जागा. ओहोटी लागली की कर्लीतले सगळे पाणी अरुंद मुखातून समुद्राकडे धावते. तिथे गुडघाभर पाण्यातही पायाखालची रेती सरकते. संगमावर उभे राहून फोटो काढावा, उतरू नये. आणि बोटीत बसल्यावर जीवरक्षक जाकीट सगळ्यांनी, बंद लावून, घालावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. तेव्हा किनारा काही फार लांब नव्हता.

८. बेट सरकते

सुरुवातीचा प्रश्न आता सुटतो. रेतीचे बेट समुद्राला अडवून उभे नसते. एका बाजूने रेती येते, दुसऱ्या बाजूने जाते. वादळात लाटा पट्टीवरून पलीकडे जातात आणि समुद्राकडची रेती खाजणाच्या बाजूला नेऊन टाकतात. बेट तुटत नाही, मागे सरकते. त्याच्यावर माणसाने काही बांधले नाही तोवर यात कोणाचे बिघडत नाही.

बांधले की बिघडते. टेक्सासमधले गॅल्व्हेस्टन हे रोधक बेटावरचे श्रीमंत बंदर. सप्टेंबर १९०० च्या वादळात तिथे निदान सहा हजार माणसे गेली. मग त्यांनी लांबलचक भिंत बांधली आणि भर घालून गावच उंच केले. नॉर्थ कॅरोलायनातले केप हॅटरसचे दीपगृह १८७० साली समुद्रापासून सुमारे दीड हजार फूट आत होते. शंभर वर्षांत समुद्र त्याच्या पायाशी आला. १९९९ साली ते अख्खे दीपगृह उचलून सुमारे २,९०० फूट मागे नेले. दोन ठिकाणी काढलेले हे दोन वेगळे मार्ग; मला दुसरा जास्त शहाणा वाटतो, पण तो परवडतो कोणाला?

देवबागला पावसाळ्यात समुद्र आत शिरतो, माड उन्मळतात, लोक दगडी बंधाऱ्याची मागणी करतात आणि ती रास्तच आहे. घर वाहून जात असताना कोणी भूगोल ऐकत बसत नाही. पण दगडी भिंतीला आपटलेली लाट समोरची रेती खणून नेते आणि भिंत संपते तिथे पुळण जास्त खाते. एका वाडीला वाचवताना शेजारची वाडी उघडी पडते. पट्टी टिकवायची तर तिला रेती मिळत राहिली पाहिजे.

९. शंभर टिप्पर

आणि इथे गोष्ट पुन्हा भंडाऱ्यावर येते. एका टिप्परमध्ये चार ब्रास रेती धरा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा चार ब्रास म्हणजे ४०० घनफूट. ती एक फूट जाडीने पसरली तर वीस बाय वीस फुटांचा तुकडा झाकला जातो. शंभर टिप्पर म्हणजे ४०,००० चौरस फूट, जवळजवळ एक एकर. वैनगंगेच्या एखाद्या घाटावरून एवढी रेती उचलायला किती दिवस लागतात, ते तुम्हीच ठरवा. १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद असतो, निदान कागदावर तरी.

दुसरी अडवणूक धरणांची. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. धरणाला ३३ दारे आहेत. पाणी त्यांतून जाते, पण संथ जलाशयात शिरताच जाड रेती वरच बसते, ती दाराशी पोहोचतच नाही. भंडारा शहरापर्यंत तुंबलेल्या या पाण्याखाली उन्हाळ्यात उघडी पडणारी नदीतली रेती गेली, आणि तिच्यावर ढीवर बांधव लावत असलेल्या टरबूज-काकडीच्या वाड्याही गेल्या. गोदावरीच्या खोऱ्यात अशी लहान-मोठी धरणे पुष्कळ आहेत. मुखाशी पोहोचणारा गाळ १९७० च्या दशकाच्या मानाने १९९० च्या दशकात निम्म्याहून कमी झाला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा बऱ्याच ठिकाणी मागे हटला.

धरण नको, घरे बांधू नका, असे म्हणण्यात अर्थ नाही. मी स्वतः रेतीच्याच घरात राहतो आणि गोसीच्याच पाण्यावर पिकलेला तांदूळ खातो. पण घाटाचा लिलाव करताना फक्त पुलाची आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीची काळजी घेतली जाते. खाली शेकडो किलोमीटरवर या रेतीची कोणी वाट बघत आहे, हे कुठल्याच फायलीत नसते. ते असायला हवे.

१०. जायचे तर

गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस भंडारा रोडला, म्हणजे वरठीला थांबते. कोल्हापूरहून घाट उतरून मालवण. किंवा मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळ गाठावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मेअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. त्या काळात कोणी ‘चालू आहे’ म्हणाले तरी बसू नये. खोली ठरवताना ती समुद्राकडे आहे की नदीकडे, आणि पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आले होते, हे दोन प्रश्न मालकाला विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे जो मालक भिंतीवरची खूण दाखवून उत्तर देईल, त्याच्याकडे उतरावे.